चंद्र, एलियन, चिपवाली नोट आणि हरवलेलं प्लुटोनियम : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे सगळं लिहायचं कारण काय?

कारण हे किस्से भन्नाट आहेत आणि आपल्याकडे त्यातले खोटेच जास्त फिरतात. चंद्रावर माणूस गेलाच नाही हे प्रत्येकाला कुठून ना कुठून कळलेलं असतं, पण अमेरिकेच्या सीआयए या हेरसंस्थेने आपल्या हिमालयात नेलेलं प्लुटोनियम तिथेच हरवलं आणि दोन्ही सरकारं त्यावर बारा-तेरा वर्षं चिडीचूप होती हे सांगितलं की लोक म्हणतात काय पण फेकतेस. खोट्यावर पटकन विश्वास आणि खऱ्यावर संशय, हे मला फार लागतं. सरकारं गोष्टी लपवतात, हमखास लपवतात, त्याबद्दल माझा काहीच वाद नाही. पण आजवर जेवढं बाहेर आलंय ते बघितलं तर त्यात बहुतेक वेळा कुणाची तरी जबरदस्त फजिती असते, आणि ती बाहेर येते ती बिलं, मेमो, फायली असल्या कंटाळवाण्या कागदांमधून.

बरं, मग हे प्लुटोनियम प्रकरण नक्की काय आहे?

ऑक्टोबर १९६४ मध्ये चीनने लोप नूरला पहिला अणुबॉम्ब फोडला. आपलं ६२ चं युद्ध होऊन दोनच वर्षं झालेली त्यामुळे दिल्ली हादरली, अमेरिकेलाही चीनची खबर हवी होती पण तेव्हा उपग्रह आजच्यासारखे नव्हते, मग कुणाच्या तरी डोक्यात आलं की हिमालयाच्या एखाद्या शिखरावर एक यंत्र नेऊन बसवू, ते पलीकडच्या मिसाइलचे सिग्नल ऐकत बसेल. शिखर ठरलं नंदादेवी, ७,८१६ मीटर. तिथे वर लाइट कुठून आणणार, म्हणून प्लुटोनियमवर चालणारा जनरेटर. सगळं मिळून साधारण ५६ किलोचं धूड.

सीआयए आणि आपली गुप्तचर संस्था आयबी यांनी मिळून १९६५ च्या शरदात मोहीम काढली, प्रमुख होते कॅप्टन एम. एस. कोहली, ज्यांच्या टीमने त्याच वर्षी मे महिन्यात नऊ जणांना एव्हरेस्टवर पोचवलं होतं. म्हणजे माणसं एकदम तगडी. आता यातला मला सगळ्यात आवडणारा भाग. प्लुटोनियम आपोआप गरम राहतं, त्यामुळे त्या मरणाच्या थंडीत शेर्पांना ते ओझं चक्क हवंहवंसं वाटायचं, ते पाठीवर घ्यायला चढाओढ असायची आणि त्यांनी त्याला गुरु रिम्पोचे असं नावही देऊन टाकलं होतं. त्यांना आत काय आहे ते कुणी नीट सांगितलं नव्हतं, आणि हसू येता येता तिथेच माझं हसू थांबतं.

शिखर जवळ आल्यावर वादळ आलं. कोहलींनी माणसं वाचवायचा निर्णय घेतला, जो बरोबरच होता, यंत्र तिथेच कँपवर बांधून ठेवलं आणि सगळे खाली आले, म्हटलं पुढच्या उन्हाळ्यात येऊन बसवू. पुढच्या वर्षी गेले तर यंत्र गायब. हिमकडा कोसळून सगळंच खाली गेलं असावं. पुढची दोन-तीन वर्षं शोधाशोध, काही मिळालं नाही. दरम्यान शेजारच्या नंदाकोटवर दुसरं यंत्र बसवलं आणि ते काही काळ चाललंही.

हे बाहेर कसं आलं?

एप्रिल १९७८ मध्ये एका अमेरिकन मासिकाने छापलं आणि आपल्या संसदेत गदारोळ झाला. पंतप्रधान होते मोरारजी देसाई. त्यांनी सभागृहात उभं राहून सरळ सांगितलं की हो, असं झालं होतं, दोन्ही सरकारांच्या वरच्या पातळीवर ठरून झालं होतं. मग तज्ज्ञांची समिती नेमली, पाण्यात किरणोत्सर्ग सापडला नाही, पण यंत्र काही मिळालं नाही.

फेब्रुवारी २०२१ मध्ये चमोलीला भयंकर पूर आला, दोनशेच्या वर माणसं गेली किंवा बेपत्ता झाली, तेव्हा रैणी गावातले लोक म्हणाले की ते यंत्रच फुटलं असणार. शास्त्रज्ञांनी तपासलं, रोंटी शिखराचा खडक आणि बर्फाचा प्रचंड तुकडा सुटून खाली आल्यामुळे पूर आला होता. पण गावकऱ्यांना मी एका शब्दानेही हसणार नाही. त्यांच्या डोक्यावरच्या डोंगरात खरोखर प्लुटोनियम पडलंय आणि त्यांना ते वर्षानुवर्षं कुणी सांगितलं नव्हतं. त्यांनी संशय घेतला तर चुकलं कुणाचं?

रॉसवेलला एलियन पडले होते का?

नाही हो. फुगा पडला होता.

पण सरकारने लपवाछपवी केली हे मात्र शंभर टक्के खरं. जुलै १९४७, अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात रॉसवेलजवळ एका पशुपालकाला रानात रबराचे तुकडे, चांदीसारखा कागद, हलक्या लाकडाच्या काड्या आणि चिकटपट्टी असला कचरा सापडला. ८ जुलैला तिथल्या हवाई तळानेच पत्रक काढलं की आम्हाला उडती तबकडी मिळाली! आणि लगेच वरिष्ठांनी सांगितलं, नाही नाही, हवामानाचा फुगा आहे. आता ज्या लष्कराने एका दिवसात स्टोरी बदलली त्यांच्यावर कोण विश्वास ठेवणार.

१९९४ मध्ये अमेरिकन हवाई दलाने सांगून टाकलं की तो प्रोजेक्ट मोगल होता. उंच हवेत फुग्यांच्या माळा सोडायच्या, त्यांना मायक्रोफोन लावायचे, आणि रशियाने अणुचाचणी केली तर तिचा आवाज पकडायचा. हे गुप्त असल्यामुळे खरं सांगता येत नव्हतं. त्यात एक बारीक गोष्ट आहे जी मला प्रचंड आवडते : सापडलेल्या चिकटपट्टीवर गुलाबी-जांभळी चित्रं होती आणि लोकांनी त्यांना परग्रहावरची लिपी ठरवलं. प्रत्यक्षात फुग्यांना लावलेले रडारचे परावर्तक बनवताना खेळणी बनवणाऱ्यांकडची पट्टी वापरली होती, तिच्यावर फुलापानांची नक्षी छापलेली होती. परग्रहावरची लिपी म्हणून ज्यावर इतकी वर्षं चर्चा झाली ती लहान मुलांच्या खेळण्यांवरची फुलं.

आणि एरिया ५१? तिथे काहीतरी आहे ना?

आहे की. विमानं आहेत. अमेरिकेत नेवाडाच्या वाळवंटात ग्रूम लेक म्हणून जागा आहे, तोच एरिया ५१, तिथे १९५५ पासून यू-२ या हेरगिरीच्या विमानाच्या चाचण्या चालायच्या. त्या काळात प्रवासी विमानं दहा-वीस हजार फुटांवरून उडायची आणि हे साठ हजारांच्या वर जायचं. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असतो पण इतक्या वर अजून ऊन असतं, त्यामुळे ते चंदेरी पंख आकाशात पेटल्यासारखे चमकायचे आणि खालून बघणारा पायलट घाबरून रिपोर्ट करायचा की काहीतरी उडतंय. चौकशी करणाऱ्यांना खरं कारण सांगायची परवानगी नव्हती म्हणून ते बर्फाचे कण, तापमानातला फरक असलं काहीबाही सांगायचे. म्हणजे तुम्हाला काहीतरी दिसलं हे खरं आणि तुम्हाला गंडवलं हेही खरं, फक्त आत बसलेला माणूस पृथ्वीवरचाच होता.

सीआयएने या जागेचं नाव उघडपणे कबूल केलं २०१३ मध्ये, तेही एका विद्यापीठातल्या संशोधकाने माहिती कायद्याखाली पाठपुरावा करून कागद काढले तेव्हा. २०१९ मध्ये कुणीतरी फेसबुकवर इव्हेंट टाकला की चला सगळे मिळून एरिया ५१ मध्ये घुसू, वीस लाखांवर लोकांनी येतो म्हणून टाकलं, सप्टेंबरमध्ये प्रत्यक्षात आले काही हजार, त्यातले बरेचसे वेष करून, गाणीबजावणी झाली आणि घरी गेले. लग्नाला येतो म्हणणाऱ्यांचा अंदाज बांधताना आपल्यालाही हाच अनुभव येतो.

महाराष्ट्रात कधी आकाशातून काही पडलंय का?

हो! आणि हे प्रकरण पुन्हापुन्हा सांगितलं पाहिजे. २ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. विदर्भात आणि आजूबाजूला लोकांनी आकाशात पेटत जाणाऱ्या रेघा बघितल्या, मोबाइलवर व्हिडिओ काढले, आणि अर्ध्या तासात मिसाइल, उल्का, एलियन, विमान सगळ्या थिअऱ्या तयार. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही तालुक्यातल्या लाडबोरी गावात तर गावजेवणाची तयारी चाललेली असताना एक भलीमोठी धातूची रिंग मोकळ्या जागेत येऊन आदळली. आसपासच्या गावांत पुढे धातूचे गोळेही सापडले. कुणाला लागलं नाही हे नशीब.

ते होतं चीनच्या लाँग मार्च ३बी रॉकेटचं उरलेलं धड, २०२१ च्या फेब्रुवारीत उडवलेलं, वर्षभर पृथ्वीभोवती फिरत होतं आणि नेमकं पाडव्याला आपल्यावर उतरलं. इतकी जबरदस्त खरी गोष्ट आपल्या जिल्ह्यात घडते, दुसऱ्या देशाचं रॉकेट गावजेवणाला येऊन पडतं, आणि आपण मात्र रॉसवेलचे व्हिडिओ बघत बसतो.

चंद्रावर माणूस गेलाच नाही, स्टुडिओत शूटिंग झालं, हे तरी खरं ना?

नाही, नाही आणि नाही.

ही कल्पना जोरात आली ती १९७६ मध्ये अमेरिकेत एकाने स्वतःच छापलेल्या पुस्तकापासून. त्यानंतर तेच तेच प्रश्न फिरतायत. झेंडा कसा फडकतोय? तो फडकत नाहीये, त्याला वरून आडवी दांडी आहे, अपोलो ११ ची दांडी पूर्ण उघडलीच नाही म्हणून कापडाला चुण्या पडल्यात आणि त्या चुण्या फडफडल्यासारख्या दिसतात. तारे का दिसत नाहीत? कारण तिथे भर दिवस आहे, खाली लखलखीत ऊन आणि पांढरे सूट, कॅमेरा त्याला सेट केलेला. तुम्ही रात्री स्टेडियमच्या फ्लडलाइटमध्ये फोटो काढून बघा, तारे येतात का ते.

पण माझ्या मते सगळ्यात भारी पुरावा रशिया आहे. जुलै १९६९ मध्ये आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन चंद्रावर असतानाच रशियाचं लूना १५ हे यान चंद्राभोवती फिरत होतं, ते अमेरिकेच्या आधी माती आणायला गेलेलं, आणि २१ जुलैला तिथेच आदळून संपलं. म्हणजे ज्या देशाला अमेरिकेची चोरी पकडण्यात सगळ्यात जास्त रस होता तो देश स्वतः तिथे हजर होता. काही काळंबेरं असतं तर मॉस्को रेडिओने गल्लोगल्ली बोंब मारली असती.

आणि आपल्या मुंबईचा पुरावा तर कुणाला माहीतच नसतो. अपोलोने सहा वेळा उतरून एकूण ३८२ किलो दगडमाती आणली आणि त्याचे नमुने जगभरच्या प्रयोगशाळांना दिले, त्यात कुलाब्याची टीआयएफआर ही विज्ञानसंस्था होती. देवेंद्र लाल यांच्या गटाने तिथे त्या कणांमध्ये वैश्विक किरणांनी पाडलेले बारीक ओरखडे मोजले. असे ओरखडे पडायला तो दगड हवा नसलेल्या जागी लाखो-कोटी वर्षं उघडा पडलेला असावा लागतो, स्टुडिओत ते करता येत नाही. म्हणजे चंद्राचे खडे खरे आहेत का हे तपासणाऱ्यांमध्ये नेव्हीनगरच्या टोकाला बसलेले आपले शास्त्रज्ञ होते. शिवाय आपल्या चांद्रयान २ च्या कॅमेऱ्याने अपोलो ११ उतरलं ती जागा टिपलीये, त्यामुळे आता नासावर विश्वास नसेल तर इस्रोवर ठेवा.

मग परत कुणी का गेलं नाही इतकी वर्षं?

पैसे. १९६६ च्या आसपास अमेरिकेच्या बजेटमधले चारेक टक्के एकट्या नासाला जायचे, वर व्हिएतनामचं युद्ध. शर्यत जिंकली, हौस फिटली, अपोलो १८, १९, २० रद्द झाली.

एवढे लोक मिळून गुपित ठेवूच शकत नाहीत का?

यावर ऑक्सफर्डच्या डेव्हिड ग्राइम्स नावाच्या संशोधकाने २०१६ मध्ये गणित मांडलं होतं. खरोखर उघड झालेली प्रकरणं घेतली, किती लोकांना माहीत होतं आणि किती वर्षांत फुटलं ते बघितलं, आणि मग चंद्राच्या थिअरीला लावलं. नासाचे चार लाख अकरा हजार लोक धरले तर गुपित चार वर्षांच्या आत फुटायला हवं होतं असं उत्तर आलं. अंदाजाचं गणित आहे, त्याला देववाणी समजू नका, पण ज्याने कुठल्याही ऑफिसात काम केलंय त्याला पटेल. दिवाळी बोनसचा आकडा दुपारपर्यंत लपत नाही.

ता.क. बझ ऑल्ड्रिन यांना २००२ मध्ये एका माणसाने कॅमेरा घेऊन गाठलं, बायबलवर हात ठेवून शपथ घ्या म्हणाला, तुम्ही भित्रे आहात खोटारडे आहात म्हणाला, आणि ७२ वर्षांच्या ऑल्ड्रिननी त्याच्या जबड्यावर एक ठेवून दिली. सरकारी वकिलांनी खटला भरला नाही. मारामारीचं मी समर्थन करत नाही पण तो व्हिडिओ मी बऱ्याचदा बघते.

दोन हजारच्या नोटेत चिप होती की नव्हती?

नव्हती. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री नोटबंदी झाली आणि एकदोन दिवसांत चॅनलवाल्यांनी ॲनिमेशनसकट दाखवायला सुरुवात केली की नोटेत नॅनो जीपीएस चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर गाडली तरी उपग्रहाला कळेल. अर्थमंत्री अरुण जेटलींनी स्वतः असं काही नाही म्हणून सांगितलं, रिझर्व्ह बँकेच्या यादीतही चिपचा पत्ता नव्हता, तरी बँकेच्या रांगेत उभे असलेले लोक नोट उन्हात धरून चिप शोधत होते.

थोडं समजून घेऊ, कारण हे परत येणार आहे. जीपीएस म्हणजे वीस हजार किलोमीटर वरून येणारा अगदी क्षीण सिग्नल, आपला फोन तो फक्त ऐकतो, उलटा काही पाठवत नाही. पाठवायचं असेल तर वेगळा ट्रान्समीटर हवा, त्याला बॅटरी हवी, बॅटरी चार्ज करायला हवी. लिफ्टमध्ये गेलं की फोनचं लोकेशन गंडतं आणि नोटेचं मात्र १२० मीटर मातीखालून पोचणार? नोटेत खरोखर जे होतं तेही छानच होतं, रंग बदलणारी सुरक्षापट्टी, मागे मंगळयानाचं चित्र, आणि कडेला हाताला लागणाऱ्या उठावदार रेघा, अंध माणसाला नोट ओळखता यावी म्हणून. त्या रेघांबद्दल एकही फॉरवर्ड मला आला नाही याचं वाईट वाटतं. १९ मे २०२३ ला रिझर्व्ह बँकेने ती नोट परत घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा लोक बँकेत जाऊन भरूनच आले, कुणाच्या घरी उपग्रह आला नाही.

नासा आणि युनेस्को सतत भारताबद्दल काहीतरी जाहीर का करत असतात?

करत नाहीत. युनेस्कोने जन गण मन ला सर्वोत्तम राष्ट्रगीत जाहीर केलेलं नाही, त्यांनी स्वतः २००८ मध्येच नाकारलंय. दिवाळीला अवकाशातून रंगीबेरंगी भारत दिसतो तो फोटो दिवाळीचा नाहीच, १९९२ ते २००३ या काळात रात्रीचे दिवे कुठे कुठे वाढले ते वेगवेगळ्या रंगांत दाखवणारा तो नकाशा आहे. आणि चांद्रयान ३ च्या वेळी चंद्राच्या मातीवर उमटलेल्या अशोकस्तंभाचा जो फोटो सगळ्यांनी स्टेटसला ठेवला ते कुणीतरी कॉम्प्युटरवर काढलेलं चित्र होतं. २३ ऑगस्ट २०२३ ला आपण खरंच उतरलो, दक्षिण ध्रुवाच्या इतक्या जवळ आधी कुणीही उतरलं नव्हतं, एवढी सोन्यासारखी खरी बातमी हातात असताना खोटा फोटो कशाला लागतो?

पृथ्वी सपाट आहे का?

नाही. पुढे.

कबुतरं हेरगिरी करतात का?

इथे उत्तर जरा लांबेल. कारण सीआयएने सत्तरच्या दशकात खरंच कबुतरांच्या छातीला छोटे कॅमेरे लावले होते, कागद आता उघड झालेत. त्याआधी साठच्या दशकात त्यांनी मांजराच्या कानात मायक्रोफोन बसवून बघितला, म्हणजे मांजर जाऊन शत्रूच्या बाकाशेजारी बसणार आणि बोलणं ऐकवणार. १९६७ चा मेमो आहे, त्यात लिहिलंय की मांजराला थोड्या अंतरापर्यंत पाठवायला शिकवता येतं हे मोठं यश आहे पण प्रत्यक्षात उपयोग नाही. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी हे फुकटात सांगितलं असतं.

आता मुंबई. मे २०२३, चेंबूरला पीर पाव जेट्टीजवळ एक कबुतर सापडलं, पायात कड्या, पंखाखाली चिनी वाटावीत अशी अक्षरं. आरसीएफ पोलिसांनी हेरगिरीच्या संशयाने ताब्यात घेतलं आणि कबुतर गेलं परळच्या बाई साकरबाई प्राण्यांच्या हॉस्पिटलमध्ये. तपासात निघालं की ते तैवानचं शर्यतीचं कबुतर आहे, भरकटत आलेलं. पण सोडायला कागद हवा ना! त्या कागदापायी ते धडधाकट कबुतर आठ महिने परळला पिंजऱ्यात राहिलं, हॉस्पिटलवाले विचारत राहिले, शेवटी प्राणीमित्र संस्थेने मध्ये पडून पाठपुरावा केला तेव्हा जानेवारी २०२४ च्या शेवटी सुटका झाली. पोलिसांनी संशय घेतला त्याला मी नावं ठेवत नाही, बंदराची जागा आहे, ते त्यांचं कामच आहे. पण आठ महिने! त्या पक्ष्याच्या बाजूने कुणीतरी बोललं याचा मला मनापासून आनंद आहे.

होमी भाभांना सीआयएने मारलं का?

हा प्रश्न हसण्यावारी न्यायचा नाही. २४ जानेवारी १९६६, एअर इंडियाचं कांचनजंगा हे विमान आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर आदळलं, ११७ माणसं गेली, त्यात आपल्या अणुकार्यक्रमाचे प्रमुख भाभा. तेरा दिवस आधी ताश्कंदला पंतप्रधान शास्त्रीजी वारलेले. देशाला संशय येणं स्वाभाविक होतं.

पण चौकशीत जे निघालं ते असं की विमान जिनिव्हाला उतरायला खाली येत होतं, दिशा दाखवणाऱ्या उपकरणांपैकी एक बंद होतं, नियंत्रकाने शिखर अजून पुढे आहे असं सांगितलं आणि पायलटचा समज झाला की आपण ते ओलांडलंय. त्याच डोंगरावर १९५० मध्ये एअर इंडियाचंच मलबार प्रिन्सेस आदळलं होतं. सीआयएच्या माणसाने कबुली दिली म्हणतात ती एका पुस्तकातली कथित संभाषणं आहेत, आणि ती छापून आली बोलणारा माणूस जाऊन बरीच वर्षं झाल्यावर.

२०१२ मध्ये तिथली हिमनदी वितळताना परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का असलेली टपालाची थैली वर आली आणि लोकांना वाटलं आता गुपित फुटणार. आत निघाली वर्तमानपत्रं आणि कॅलेंडरं. २०२० मध्ये परत काही वर्तमानपत्रं निघाली, इंदिरा गांधींची निवड झाल्याच्या बातमीची, सुकवल्यावर वाचता येतील अशी. इतकं शाबूत.

आणि शास्त्रीजी? नेताजी?

इथे मी सरकारच्या बाजूने अजिबात बोलणार नाही. शास्त्रीजींचं शवविच्छेदन झालं नाही, घरच्यांनी वर्षानुवर्षं विचारलं, आणि २००९ मध्ये पंतप्रधान कार्यालयाने सांगितलं की आमच्याकडे एक कागद आहे पण परराष्ट्र संबंध बिघडतील म्हणून देणार नाही. एक कागद आहे आणि देणार नाही, यापेक्षा अफवेला चांगलं खतपाणी कुठलं? नेताजींच्या बाबतीत तीन चौकश्या झाल्या, दोन म्हणाल्या १८ ऑगस्ट १९४५ ला तैवानला विमान अपघातात गेले, तिसऱ्या मुखर्जी आयोगाने अपघाताची गोष्ट मान्य केली नाही आणि सरकारने तो अहवाल मान्य केला नाही. २०१६ च्या २३ जानेवारीपासून फायली खुल्या व्हायला लागल्या. मला अपघाताचीच बाजू पटते, पण ज्या फायली १९५० मध्ये दाखवता आल्या असत्या त्या दाखवायला सत्तर वर्षं लावली तर लोक बाबा-साधूंमध्ये नेताजी शोधणारच.

सरकारं इतकं जाळून टाकतात, मग कागद सापडतात कसे?

हिशेबवाल्यांच्या कृपेने. सीआयएचा एमके-अल्ट्रा म्हणून प्रकल्प होता, १९५३ पासून, लोकांना त्यांच्या नकळत एलएसडी हे भास घडवणारं ड्रग द्यायचं आणि मन ताब्यात घेता येतं का बघायचं. पेयात गोळी गुपचूप कशी टाकायची हे शिकवायला चक्क एका जादूगाराला पैसे देऊन मॅन्युअल लिहून घेतलं होतं. १९७३ मध्ये प्रमुख रिचर्ड हेल्म्सनी फायली नष्ट करायला लावल्या. पण १९७७ मध्ये माहिती कायद्याखाली अर्ज आला आणि शोधताना वीसेक हजार कागद मिळाले, कारण ते आर्थिक विभागाच्या नोंदींमध्ये दुसरीकडेच ठेवलेले होते, तिकडे जाळणारे गेलेच नाहीत. माणसांवर गुन्हा केला तो बिलांमुळे पकडला गेला. आपल्याकडे कुलाब्याची ३१ मजली आदर्श सोसायटी आठवा, कार्यकर्त्यांनी कागद मागून मागून प्रकरण धसास लावलं आणि २०१० मध्ये मुख्यमंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला.

जाऊ दे ना, एखादा खोटा फॉरवर्ड गेला तर काय बिघडतं?

१ जुलै २०१८. धुळे जिल्हा, साक्री तालुका, राईनपाडा. आठवडी बाजाराचा दिवस. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून पोट भरणारे. मुलं पळवणारी टोळी फिरतेय असे मेसेज आणि व्हिडिओ त्या भागात फिरत होते. जमावाने त्यांना गाठलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत डांबलं आणि पाचही जणांना मारून टाकलं. त्या काळात देशभर फिरणारा एक व्हिडिओ तर कराचीत मुलांच्या सुरक्षेसाठी बनवलेल्या जाहिरातीचा होता, शेवटी ही जाहिरात आहे असं सांगणारा भाग कापून टाकलेला. त्याच महिन्यात व्हॉट्सॅपने भारतात फॉरवर्डवर पाच चॅटची मर्यादा घातली.

एलियनवर हवं तेवढं हसू. ज्या मेसेजमध्ये एखाद्या समाजाचं, अनोळखी माणसाचं, फेरीवाल्याचं नाव घालून भीती दाखवलेली असते तिथे हात थांबलाच पाहिजे.

घरातले मोठे रोज असलं पाठवतात, त्यांना कसं सांगायचं?

सगळ्यांसमोर ग्रुपवर सुनवायचं नाही, फोन करायचा. काका, तो नोटेचा व्हिडिओ बघितला, पण त्या चिपची बॅटरी कुठे असेल हो? असं खरंच विचारायचं आणि त्यांना बोलू द्यायचं. या पिढीने आणीबाणीतली सेन्सॉरशिप बघितलीये, सरकार खोटं बोलतं हे ते अनुभवाने म्हणतात, ते मान्य करायचं. मग त्यांना नंदादेवीची गोष्ट सांगायची. खरा किस्सा खोट्यापेक्षा रंगतदार असेल तर ते तोच पुढे पाठवतात, माझ्या एका मावशीने तर चंद्रपूरच्या रिंगची बातमी अख्ख्या भजनी मंडळाला पाठवली.

माहितीच्या अधिकारात एलियनबद्दल विचारता येतं का?

येतं, पण "एलियन आहेत का" असं विचारलंत तर काही मिळणार नाही. माहिती अधिकारी मत देत नाही, रेकॉर्डला असलेला कागद देतो. म्हणून कागदाचं नाव घेऊन विचारा : २ एप्रिल २०२२ रोजी सिंदेवाही तालुक्यात पडलेल्या वस्तूंचा पंचनामा, त्या आता कुठे ठेवल्यात त्याची नोंद, त्याबद्दल झालेला पत्रव्यवहार, या सगळ्याच्या प्रती मिळाव्यात. महाराष्ट्रात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत बसवावा लागतो, फी दहा रुपये, ऑनलाइनही करता येतो. तीस दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील, मग माहिती आयोगाकडे दुसरं. आयबी आणि रॉ या गुप्तचर संस्था या कायद्यातून बऱ्याचशा वगळलेल्या आहेत, भ्रष्टाचार आणि मानवी हक्कांचे प्रश्न सोडून, त्यामुळे त्यांच्याकडे न जाता तहसील, जिल्हाधिकारी, पोलीस ठाणे इथून सुरुवात करा. आणि अर्जाची पोच घ्यायला विसरू नका, अपिलाला तीच लागते.